पाण्याविना जलरंग

वाचकांचे प्रश्न, चित्रकला शिक्षिकेची उत्तरं

प्रश्न : रविवारी सकाळी कोल्हापूरच्या पंचगंगा घाटाचा मोबाईलवर फोटो काढला. दीपमाळा, ओल्या पायऱ्या, मागं शिवाजी पूल, सगळं छान आलंय. फोटोशॉपमध्ये ‘वॉटरकलर’ फिल्टर लावला, पण जलरंगासारखं काही दिसेना. चित्र मळलं, काळं पडलं. फोटो सोबत पाठवला आहे. कुठं चुकतंय?
— एक वाचक, शुक्रवार पेठ

उत्तर : कॉम्प्युटरवर पहिल्यांदा बसले तेव्हा मीही हेच केलं होतं आणि असाच काळवंडलेला घाट पदरी पडला होता. या फिल्टरला तीन पट्ट्या आहेत : ब्रशचा तपशील, सावलीचा जोर आणि पोत. सावलीची पट्टी शून्यावर आणली तरी गडद जागांचे गोळे होतातच. जलरंगाची तर रीतच उलटी. तिथला उजेड कागदाचा असतो. रंगाचा थर पातळ आणि पारदर्शक. प्रकाश त्यातून खाली जातो, पांढऱ्या कागदावरून उलटतो आणि रंग घेऊन डोळ्यांपर्यंत येतो. म्हणून जिथं सगळ्यांत जास्त उजेड हवा, तिथं हात लावायचाच नसतो.

आमचे मास्तर आम्हाला याच घाटावर स्थळचित्रणाला बसवायचे, पण रंगपेटी लगेच उघडू द्यायचे नाहीत. पेन्सिलीनं आधी पांढऱ्या जागांना हद्द घालायला लावायचे. “कोरं काय ठेवणार ते सांग, मग पाणी घे,” म्हणायचे. फिल्टरला हा प्रश्न विचारता येत नाही. तो तुम्हालाच स्वतःला विचारावा लागेल.

तुमच्या फोटोत मी तीन जागा कोऱ्या ठेवीन : पायऱ्यांच्या ओल्या कडांवरची चमक, नदीच्या पाण्यावरचा उन्हाचा पट्टा आणि दीपमाळेची पूर्वेकडची बाजू. आभाळही जवळजवळ कोरंच, खाली पुलापाशी किंचित करडं.

आता कामाला लागा. कर्व्ह्ज (उजेड-अंधार बदलायची वक्ररेषा) वापरून फोटोतल्या सावल्या आधी थोड्या उजळा. मग मीडियन फिल्टर लावा. फोटो चार हजार पिक्सेल रुंद असेल तर त्रिज्या दहा-बारा ठेवून बघा. झाडांची पानं, दगडांचा खरखरीतपणा असली बारीक गर्दी विरघळते आणि मोठे सपाट ठिपके राहतात. जलरंगातही आपण पानं मोजत नाही, झाडाचा एक ओला ठिपका टाकतो. यावर एक नवा लेयर, म्हणजे फोटोवरचा वेगळा थर, घ्या आणि तो पूर्ण पांढरा भरा. हा तुमचा कागद. त्याला लेयर मास्क (थराचा कुठला भाग दिसेल, कुठला लपेल हे ठरवणारा पडदा) जोडा आणि खडबडीत कडेचा ब्रश घेऊन, अपारदर्शकता तीस-चाळीस टक्के ठेवून, मास्कवर काळ्यानं रंगवायला लागा. जिथं ब्रश फिरेल तिथं खालचा घाट हळूहळू वर येईल. आधी मोठा ब्रश, मग मध्यम. बारीक ब्रश फक्त माणसांसाठी आणि पुलाच्या कमानींसाठी. चारही बाजूंना रंग कागदाच्या कडेपर्यंत नेऊ नका. ठरवलेल्या तीन जागांवर ब्रश फिरवायचा मोह होईल, तेवढा आवरा.

यानंतर सावल्या. त्यांच्यासाठी वेगळा लेयर, आणि त्याचा मोड, म्हणजे खालच्या रंगात मिसळायची रीत, मल्टिप्लाय. हा मोड का, हे आकड्यांत सांगते. माझ्या विद्यार्थ्यांना ते एकदा फळ्यावर दिसलं की पुन्हा सांगावं लागत नाही. कॉम्प्युटरला काळं म्हणजे शून्य आणि कोरा कागद म्हणजे 255. त्यावर 200 इतका उजळ रंग टाकला की 200 उरतात. तोच रंग मल्टिप्लायमध्ये पुन्हा टाकला की 200 गुणिले 200 भागिले 255, म्हणजे 157. तिसऱ्यांदा टाकला की 123. प्रत्येक थर थोडा उजेड पितो, अगदी वाळलेल्या वॉशवर (पाणीदार पातळ थरावर) दुसरा वॉश दिल्यासारखं. नॉर्मल मोडमध्ये मात्र 200 वर 200 कितीही वेळा टाका, 200 च राहतात. तो पोस्टर कलर झाला. पारदर्शकपणाचं सगळं गुपित या एका गुणाकारात आहे आणि मला हा गुणाकार फार आवडतो.

कागदाचा पोत अगदी शेवटी आणि अगदी थोडा. 300 जीएसएमचा, म्हणजे जाड, खरा खरखरीत कागद स्कॅन करून वर सॉफ्ट लाइट मोडमध्ये ठेवा. तयार पोत सगळीकडे सारखा उमटतो, भिंतीला प्लास्टर केल्यासारखा.

प्रश्न : फोटोशॉप विकत घेणं परवडत नाही. माउसवर चालेल का? चित्र किती मोठं घ्यावं?
— इंटरमिजिएटचा विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर : क्रिटा आणि जिम्प हे दोन्ही प्रोग्रॅम फुकट आहेत. रंगवायला क्रिटा घे, त्यात जलरंगाचे ब्रश तयार मिळतात. फोटोवर काम करायचं असेल तर जिम्प. माउसला हाताचा दाब कळत नाही, त्यामुळे रेघ एकसारखी येते. छोटा पेन टॅब्लेट मिळाला तर बघ, जुना चालेल. ए-फोर कागदावर छापायचं असेल तर 2480 बाय 3508 पिक्सेल, म्हणजे इंचाला 300. हे सुरुवातीलाच ठरव, मागून ताणलं की ब्रशच्या कडा फाटतात. आणि कागदावरचा सराव सोडू नकोस. हातानं शंभर वॉश दिलेल्या मुलाला स्क्रीनवर दहा मिनिटांत कळतं, ते बाकीच्यांना महिनाभर कळत नाही.

प्रश्न : खऱ्या जलरंगात प्रत्येक ठिपक्याच्या कडेला एक गडद रेघ येते. कॉम्प्युटरवर ती येत नाही, म्हणून माझी चित्रं कापून चिकटवल्यासारखी दिसतात. ही रेघ येते कशी आणि आणायची कशी?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : फार नेमकं पाहिलंत तुम्ही. टेबलावर चहाचा थेंब सांडून वाळला की कडेला तपकिरी कडं उरतं, तीच ही गोष्ट. थेंबाची कड कागदाला धरून बसते, आणि कडेचं पाणी लवकर उडतं. ती जागा भरायला आतलं पाणी बाहेर वाहतं आणि रंगाचे कण बरोबर घेऊन येतं. शास्त्रज्ञांनी 1997 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात कॉफीच्या डागावरून हे समजावून सांगितलं. त्याच वर्षी सिग्राफ या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या परिषदेत कॉम्प्युटरवर जलरंग तयार करण्याचा एक महत्त्वाचा शोधनिबंध आला. त्यात पाणी कागदावर कसं सरकतं, कण कुठं बसतात, याचंच गणित मांडलं होतं. म्हणजे ज्यांनी यंत्राला जलरंग शिकवला, त्यांना आधी पाण्याकडे बघावं लागलं.

फोटोशॉपच्या ब्रश सेटिंग्जमध्ये ‘वेट एजेस’ नावाचा पर्याय आहे, तो चालू करा. जिम्पमध्ये हातानं करावं लागतं. ठिपक्याच्या लेयरची प्रत काढा, ‘अल्फा टू सिलेक्शन’ करा (ठिपक्याचा आकार निवडला जातो), सिलेक्शन चार पिक्सेलनी आत ओढा, थोडं फेदर करा, म्हणजे कड मऊ करा, आणि आतला भाग पुसा. फक्त कड उरेल. तिला मल्टिप्लाय मोड आणि चाळीसेक टक्के अपारदर्शकता द्या.

पण थांबा, खरं काम इथून पुढं आहे. ही कड सगळीकडे येत नाही. मोकळा वॉश कोरड्या कागदावर वाळतो तिथं येते. ओल्यात ओलं सोडलं की कड नसते, रंग एकमेकांत शिरतो. हिवाळ्यात पहाटे गुऱ्हाळावर जाऊन बघा. चुलवाणाच्या (रस उकळायच्या मोठ्या चुलीच्या) धुरांड्यातून धूर निघतो. बुडाशी त्याला आकार असतो, वर जाईल तसा तो आभाळात हरवतो. तो धूर रंगवताना बुडाशी कड ठेवाल आणि वर मऊ इरेझरनं ती पुसाल. कुठली जागा वाळली होती आणि कुठली ओली होती, हे चित्रात ठरवलेलं दिसलं पाहिजे. तुमच्या चित्रांतलं कापून चिकटवलेपण तिथंच जाईल.

प्रश्न : माझ्या वडिलांनी काढलेलं रंकाळा तलावाचं जलरंगचित्र 2019 च्या पुरात भिजलं. आभाळावर तपकिरी डाग आहे, खाली पाण्याच्या भागात रंग धुऊन गेलाय, एका कोपऱ्यात बुरशीचे ठिपके आहेत. वडील आता नाहीत. कॉम्प्युटरवर ते पहिल्यासारखं होईल का?
— एक वाचक भगिनी, शाहूपुरी

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पंचगंगेनं 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की आपल्याकडे सामान माळ्यावर चढवतात. त्या वर्षी माळेही पुरले नाहीत. माझ्या स्केचबुकांचे दोन कप्पे त्याच पाण्यात गेले. म्हणून या प्रश्नाला घाईत उत्तर देणार नाही.

आधी मूळ चित्राचं. ओल्या फडक्यानं काहीही पुसू नका. जलरंग डिंकात कालवलेला असतो, पाणी लागलं की आजही तो सुटेल. बुरशी असल्यामुळे स्कॅनरच्या काचेखाली दाबू नका. ढगाळ दिवशी खिडकीजवळ चित्र सपाट ठेवून, कॅमेरा स्टँडवर सरळ लावून फोटो काढून घ्या. फाइल टिफमध्ये (दर्जा न घटवणाऱ्या प्रकारात) ठेवा. ही प्रत कधीही बदलायची नाही, काम दुसऱ्या प्रतीवर.

तपकिरी डाग म्हणजे वरच्या उत्तरातली तीच चहाच्या थेंबाची कड, फक्त पुराच्या पाण्याची. डागावर क्लोन टूल (एका जागेची नक्कल दुसरीकडे उमटवणारं) घासलं तर कागदाचा पोत जाईल आणि आभाळात गुळगुळीत ठिगळ दिसेल. त्याऐवजी वर एक लेयर घ्या, मोड ‘कलर’. शेजारच्या स्वच्छ आभाळाचा रंग उचला आणि डागावर हलकेच फिरवा. या मोडमध्ये फक्त रंगाची छटा बदलते. खालचा उजेड-अंधार तसाच राहतो, म्हणून कागदाचे दाणे आणि वडिलांच्या ब्रशचे फटकारे टिकतात. डाग गडदही असेल, तर कर्व्ह्जचा वेगळा लेयर घेऊन मास्कमधून तेवढीच जागा उजळा. बुरशीचे ठिपके हीलिंग ब्रशनं एकेक करून काढा. एक संध्याकाळ जाईल, जाऊ द्या.

पाण्याच्या भागात जिथं रंगच उरला नाही, तिथं मी अंदाजानं काही रंगवणार नाही. चित्रकार आबालाल रहिमानांच्या निसर्गचित्रांपासून आजपर्यंत कोल्हापूरचं पाणी इतक्या जणांनी रंगवलंय की त्यातला एखादा रंकाळा उचलून तिथं बसवता येईल, पण ते पाणी तुमच्या वडिलांचं नसेल. त्या जागी कागदाच्या रंगाचा अगदी फिका थर द्या, म्हणजे डोळा अडखळणार नाही.

एक गोष्ट मात्र आजच करा. हे चित्र घरात भिंतीवर लावलेलं होतं ना? मग जुने अल्बम काढा. दिवाळी, बारसं, कुणाचा वाढदिवस, माणसांच्या मागं भिंतीवर ते चित्र कुठंतरी दिसत असेल. पुराआधीच्या अशा एका फोटोतूनही पाण्याचा मूळ रंग हिरव्याकडे झुकत होता की निळ्याकडे, रंकाळ्यातल्या संध्यामठाची सावली कुठवर होती, हे कळेल. असे जेवढे फोटो सापडतील तेवढे चित्राच्या नव्या फोटोबरोबर मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. पाण्याचा तो भाग आपण दोघी मिळून करू.