आयटी ऑडिटमध्ये अ‍ॅजाइल पद्धत (काम छोट्या टप्प्यांत करून लगेच दाखवत जाणं) खरंच चालते का, की नुसतं फॅड आहे?

चालते. पण दोन आठवड्यांचे स्प्रिंट (कामाचे छोटे टप्पे) आणि भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या एवढंच उचललं, तर तो निव्वळ सोपस्कार. 2001 चा अ‍ॅजाइल जाहीरनामा सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांसाठी लिहिलेला. ऑडिटरने त्यातून मुख्यतः एकच घ्यावं: सापडलेली गोष्ट अंतिम रिपोर्टपर्यंत दाबून ठेवायची नाही.

उदाहरण घ्या, नोकरी सोडून गेलेल्यांच्या लॉगिनचं. एचआरची यादी आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीची (कंपनीतली लॉगिन खाती सांभाळणारी प्रणाली) यादी एक्सेलमध्ये व्हीलुकअप लावून ताडली की उघडी राहिलेली खाती तासाभरात समोर येतात. जुन्या पद्धतीत हा मुद्दा कित्येक आठवड्यांनी ड्राफ्टमध्ये उगवतो, तोवर खाती उघडीच! अ‍ॅजाइलमध्ये त्याच दिवशी आयटीवाल्यांना दाखवायचा. ते पटकन खातं बंद करतील आणि म्हणतील, "झालं की, आता मुद्दा काढून टाका." काढायचा नाही. शेवटचं लॉगिन राजीनाम्यानंतरचं आहे का ते बघा, आणि एचआरकडून आयटीला कळवलंच जात नव्हतं का, हेही विचारा. पुढच्या स्प्रिंटचं काम बहुधा तिथेच सापडतं.

दोन पथ्यं. स्क्रीनशॉट तारखेसकट वर्किंग पेपरमध्ये (ऑडिटरच्या पुराव्यांच्या नोंदींत) आधी, चर्चा नंतर. आणि आयटीवाल्यांच्या रोजच्या स्टँडअपला (छोट्या बैठकीला) बसलात तरी कंट्रोल (चूक-गैरवापर रोखणारी व्यवस्था) कसा बांधायचा हे तुम्ही ठरवू नका. उद्या तोच तुम्हाला तपासायचा आहे.

ठरलेल्या नमुन्यांची, दरवर्षी तीच तपासणी असेल तर मात्र या खटाटोपात फारसं हाती लागत नाही.