बांबूचं विमान खरंच उडायचं का?

प्रश्न: सर, मी चोपड्याचा, पॉलिटेक्निकला मेकॅनिकलला आहे. पूर्वी फ्रान्समध्ये कोणीतरी बांबूचं एकाच माणसाचं विमान बनवलेलं असं ऐकलं. बांबू एवढा लोड घेतो कसा? आमच्या सातपुड्यात बांबू भरपूर आहे, आम्ही मित्रांनी बनवलं तर उडेल का?

उत्तर: भाऊ, खरं आहे ते. विमानाचं नाव दमुआझेल, आणि बनवणारा आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ, ब्राझीलचा माणूस, पण त्याचे बहुतेक प्रयोग पॅरिसला झाले. १९०७ ला त्याने पहिलं केलं तेव्हा मागची शेपटी एकाच बांबूवर होती, २० हॉर्सपॉवरचं इंजिन पंखाच्या वर आणि पायलट पंखाखाली, चाकांच्या मधे. ते जेमतेम २०० मीटर गेलं. मग त्याने इंजिन खाली आणून बेल्टने प्रॉपेलर फिरवून पाहिला, ते काही जमलं नाही, म्हणून १९०९ च्या मॉडेलला इंजिन परत वर नेलं आणि एका बांबूऐवजी तीन बांबूंची त्रिकोणी बॉडी केली. मला तर हा त्रिकोणच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण एकटा बांबू वाकतो आणि पिळतो, तीन एकमेकांना बांधले की वजन फारसं न वाढता ते पिळणं खूप कमी होतं.

बांबू पोकळ नळी आहे, मटेरियल सगळं कडेला, म्हणून वजनाच्या मानाने वाकायला कडक, आणि पेरांमुळे नळी चेपत नाही. पण भोक पाडलं की उभा चिरतो, तिथे जॉइंटला काळजी लागते.

पंख पिळून तोल सांभाळायचा लिव्हर पायलटच्या कोटाला पाठीमागे जोडलेला असायचा, पायलट ज्या बाजूला झुकेल तसा पंख वळायचा! आणि पेटंट घेतलंच नाही, १९१० ला अमेरिकेतल्या मासिकात प्लॅन छापून आले, कोणीही बनवा.

आता तुमचं. सांतोस-द्युमाँ स्वतः ५० किलोच्या आसपास होता, विमान त्याच्या अंगाच्या मापाचं होतं, जड माणसाला ते झेपायचं नाही. आपला मानवेल बांबू कोरड्या डोंगरात बराचसा भरीव येतो, म्हणजे मजबूत पण जड. त्यामुळे माणूस बसवायचा विचार अजिबात करू नका, डीजीसीएच्या (सरकारी विमान वाहतूक महासंचालनालय) परवानगीशिवाय ते चालतही नाही. पाचव्या हिश्श्याचं आरसी (रिमोट कंट्रोलचं) मॉडेल करा, आधी तीन काड्यांची बॉडी बांधून दोन्ही टोकं धरून पिळून बघा, किती वळते ते मोजा आणि मला कळवा.