एकल व्हायब्राफोन : सराव आणि देवाणघेवाण

प्रश्न : मी कोथरूडला राहतो आणि ऑर्केस्ट्रात व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी आघात करून वाजवायचे वाद्य) वाजवतो. आता साथीशिवाय वाजवू लागलो आहे. पण सूर एकमेकांत मिसळतात. सराव कसा करावा आणि बसवलेल्या रचना इतर वादकांना कशा द्याव्यात?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपली अडचण बहुधा पायाने दाबायच्या पेडलची आहे. पेडल दाबलेले असेपर्यंत अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा नाद बराच वेळ टिकतो आणि ते सोडताच सगळ्याच पट्ट्यांचा नाद एकदम थांबतो. म्हणून खालचा सूर टिकवून वरची सुरावट स्वच्छ ठेवायची असेल, तर नको असलेला सूर मॅलेटनेच, म्हणजे वाजवायच्या गोळेदार काठीनेच, मिटवावा लागतो. ‘सा’ वाजवून उजव्या हाताने ‘रे’वर आघात करतानाच डावे मॅलेट ‘सा’च्या पट्टीवर हलकेच टेकवून दाबा. मॅलेट आपटले, तर तो सूर पुन्हा वाजेल. हे काम किचकट आहे, पण एकल वादनाचे सगळे सौंदर्य यातच आहे, असे मला मनापासून वाटते. या काळात सुराला कंप देणारी वाद्याची मोटर बंदच ठेवावी. प्रत्येक हातात दोन अशा चार मॅलेटसाठी अमेरिकी जॅझ व्हायब्राफोनवादक गॅरी बर्टन यांच्या नावाने ओळखली जाणारी पकड शिकून घ्यावी.

रचना देताना नुसते स्वर लिहून भागत नाही. पेडल कुठे सोडायचे, कोणता सूर मिटवायचा आणि कोणता आघात कोणत्या हाताचा, हेही लिहावे. सोबत संथ लयीतले, दोन्ही हात वरून दिसतील असे चित्रीकरण द्यावे. पियानोची रचना असेल, तर वाद्याचा पल्ला साधारणपणे तीनच सप्तकांचा असल्याने खर्जातले कोणते सूर वर घेतले, तेही नोंदवावे.