सभ्य शब्दांत सांगूनही काकू रागावल्या

प्रश्न : वरच्या मजल्यावरच्या काकू कुंड्यांना पाणी घालतात, ते आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकतं. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सभ्य भाषेत लिहिलं, तर त्यांनी बोलणंच टाकलं.
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : भाषा बरोबर होती, जागा चुकली. चारचौघांत आपली शोभा होऊ नये आणि आपल्या घरात कुणी ढवळाढवळ करू नये, या माणसाच्या दोन गरजा. भाषाअभ्यासक ब्राउन आणि लेव्हिन्सन यांनी त्या अशाच वेगळ्या केल्यात. तुमच्या मेसेजने दोन्ही दुखावल्या. त्यात काकू वयाने मोठ्या!

आता एकट्याच वर जा. आधी ग्रुपचं मिटवा : “काकू, तिथे लिहायला नको होतं मी.” लगेच ‘पण’ जोडलात तर माफी फुकट. चार शब्द इकडचे तिकडचे होऊ द्या, मग विचारा : “कुंड्यांखाली ताटल्या ठेवायला जमतील का? नाहीतर पाणी कधी घालता ते सांगा, मी कपडे नंतर वाळत घालीन.” हा दुसरा पर्याय गाळू नका, त्यामुळे त्यांना ‘नाही’ म्हणायलाही वाट राहते. ‘कृपया’ मात्र नको, समोरासमोर ते नोटिशीसारखं वाटतं.