आईचं तोंड दहा मिनिटं वाकडं झालं, बोलणं बोबडं झालं आणि मग सगळं नीट झालं. उद्या डॉक्टरकडे नेलं तर चालेल का?

नाही, उद्यावर ढकलू नका. आईंना आत्ताच सीटी स्कॅन, एमआरआयची सोय असलेल्या हॉस्पिटलमध्ये न्या, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. तुम्ही सांगताय ती लक्षणं मिनी-स्ट्रोकची, म्हणजे टीआयएची आहेत. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने थोडा वेळ अडते आणि मोकळी होते, पण गुठळी जिथून आली ते कारण तसंच राहतं. म्हणून मोठ्या झटक्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सगळ्यात जास्त. मी न्यूरो वॉर्डात नर्स आहे; 'आता बरं वाटतंय' म्हणून घरी थांबलेला पेशंट अर्धं अंग लुळं पडून येतो तेव्हा फार जीव तुटतो.

त्रास किती वाजता सुरू झाला ते कागदावर लिहा आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. ॲस्पिरिन मनाने देऊ नका: मेंदूत रक्तस्राव नाही हे स्कॅनशिवाय कळत नाही. वाटेत पुन्हा तोंड वाकडं झालं, हात वर धरल्यावर खाली घसरला, तर तीही वेळ टिपा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.

एक मात्र आहे: आईंना मधुमेह असेल तर साखर कमी झाल्यानेही हुबेहूब असंच होऊ शकतं. घरात ग्लुकोमीटर असेल तर तपासा, पण रीडिंग काहीही येवो, हॉस्पिटलला जाणं टाळू नका.