व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यावर अनोळखी लोकांच्या मीटिंगला जाऊन खरंच फरक पडतो का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टर पुढच्या आठवड्यात केंद्रातून घरी येणार आहेत. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर अल्कोहोलिक्स अनॉनिमस म्हणजे एए या, दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या गटाच्या मीटिंगला जायला सांगितलंय. आणि तुमचा प्रश्न आहे, दहा-पंधरा अनोळखी पिणाऱ्यांत बसून बोलल्यानं आजार कसा बरा होणार, उलट वाईट संगत नाही का लागायची? माझ्या बायकोनंही जवळजवळ याच शब्दांत विचारलं होतं. येत्या श्रावणात मला दारू सोडून अकरा वर्षं होतील, म्हणून उत्तर लिहायला बसलो. नाव देत नाही, आमच्यात तशी पद्धत आहे.

संगतीवरूनच सुरुवात करतो. मी इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर होतो. पाळी सुटली की आम्ही चार-पाच जण मिळून जायचो. घरच्यांना वाटायचं, हा बाटलीसाठी जातो. जायचोच. पण त्या टेबलाभोवती माझी माणसंही होती. कुणाच्या मुलीचं जमत नाही, कुणाला हातउसने हवेत, कुणाचं मालकाशी वाजलंय, सगळं तिथं निघायचं. दारू सोडली त्या दिवशी ही सगळी माणसंही एका झटक्यात गेली. घरात आई होती, बायको, मुलं होती, पण सगळे माझ्या तोंडाचा वास घेत असायचे. त्यांचं चुकत नव्हतं, इतक्या वेळा फसवलं होतं मी त्यांना. मात्र संध्याकाळी सात ते दहा कुणापाशी बसायचं, याला माझ्याकडं काही उत्तर नव्हतं.

शरीराचं काम डॉक्टर करतात, आणि ते त्यांनीच करावं. रोज भरपूर पिणाऱ्यानं मनानं एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. मला तिसऱ्या रात्री भिंतीवरून मुंग्यांची रांग चाललेली दिसत होती, आणि भिंत कोरी होती. इंजेक्शनं, जीवनसत्त्वं, झोपेच्या गोळ्या यांनी आठ-दहा दिवसांत अंग ताळ्यावर आलं. पण घरी आलो तरी सात वाजायचे काही थांबले नाहीत.

त्याआधी मी दोनदा माळ घातली होती. आपल्याकडं माळ घालून सुटलेली कितीतरी माणसं तुम्हीही पाहिली असतील. माझी आषाढीला घातलेली माळ दिवाळीच्या आत खुंटीवर गेली. फार वर्षं मला वाटायचं, माझी श्रद्धाच कमी पडली. आता वेगळं वाटतं. आमच्या गल्लीत माळ टिकवलेले दोघं रोज रात्री भजनाला बसायचे. एकादशीला चारजण त्यांची वाट बघायचे, वारीला दिंडीत त्यांची जागा ठरलेली होती. एक दिवस गेले नाहीत तर कुणीतरी दारात येऊन हाक मारायचं. मी माळ घेतली, माणसं घेतलीच नाहीत.

पहिल्या मीटिंगला मी दारापाशीच बसलो, लवकर उठता यावं म्हणून. शाळेचा एक वर्ग, लाकडी बाकं, चहा. फी नाही, अर्ज नाही, सही नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. एकजण बोलतो, बाकीचे ऐकतात, कुणी मध्ये तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका बोलायला उठले. मुलीच्या फीचे पैसे त्यांनी कसे उडवले आणि वर चोरी झाली म्हणून घरात कसा आरडाओरडा केला, ते त्यांनी सांगितलं. मी मान खाली घातली. हे मीही केलं होतं, रक्कम तेवढी वेगळी. माझ्या पोटातली गोष्ट दुसरा माणूस उभ्यानं, न रडता, चारचौघांत सांगतोय आणि कुणी त्याला हाकलून देत नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. समुपदेशक चांगले होते, समजावून सांगायचे. पण त्यांना मी खोटं सांगू शकत होतो. इथं खोटं चाललं नसतं, सगळ्यांनी तेच खोटं बोलून झालं होतं.

मीटिंग संपल्यावर काकांनी नंबर दिला. सात वाजता जीव कासावीस झाला की फोन कर म्हणाले. मी विचारलं, माझ्यासाठी एवढं कशाला करताय? ते म्हणाले, तुझ्यासाठी नाही रे, माझ्यासाठी. मग पायरीवर बसून त्यांनी एएची सुरुवात कशी झाली ते सांगितलं. मे १९३५. न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला बिल विल्सन हा माणूस कामासाठी ॲक्रन या गावी आलेला. व्यवहार फसलेला, हॉटेलात एकटा, दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला फोन. त्याच्या लक्षात आलं की आत्ता आपल्याला बोलायला दुसरा पिणारा माणूस हवा. चर्चच्या यादीतले नंबर फिरवत फिरवत तो डॉ. बॉब स्मिथ या पिणाऱ्या सर्जनपर्यंत पोचला. डॉक्टर पंधरा मिनिटांपुरते आले होते, बसले सहा तासांहून जास्त. १० जून १९३५ ला डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला आणि तोच एएचा वाढदिवस धरला जातो. बिल तिथं कुणाला उपदेश करायला गेला नव्हता. स्वतः त्या रात्री पिऊ नये म्हणून गेला होता.

तुम्हाला पुरावा हवा असेल तर तोही आहे. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेनं २७ अभ्यास एकत्र तपासले, एकूण १०,५६५ माणसं, बहुतेक अभ्यास अमेरिकेतले. रुग्णाला पद्धतशीर एएशी जोडून देणारे उपचार घेतलेल्यांत वर्षभरानंतर शंभरातले ४२ जण दारूपासून पूर्ण दूर होते, इतर मानसोपचार घेतलेल्यांत ३५. आकडा डोळे दिपवणारा नाही, आणि अर्ध्याहून जास्त लोक तरीही घसरले हेही त्यातच दिसतं. मला जास्त पटलं ते वेगळंच. हार्वर्डच्या जॉन केली यांच्या गटानं हा फरक कशामुळं पडतो ते शोधलं, तेव्हा सर्वांत मोठा वाटा दोन गोष्टींचा निघाला: पिणारे मित्र कमी होऊन न पिणारे वाढणं, आणि लग्नकार्यात, चारचौघांत नाही म्हणण्याची हिंमत येणं. म्हणजे तुम्ही म्हणता ती संगतच.

मीही घसरलो. सातव्या महिन्यात, पुतण्याच्या हळदीच्या रात्री. त्यानंतर पंधरा दिवस मीटिंगला गेलो नाही, फोन उचलला नाही. लाज पिण्यापेक्षा वाईट असते ताई, ती परत प्यायलाच नेते. सोळाव्या दिवशी काका आणि आणखी एकजण घरी आले. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी आईची तब्येत विचारली, चहा घेतला, पावसाबद्दल बोलले. उठताना काका म्हणाले, आज मीटिंग आहे, चप्पल घाल. गेलो. वर्गात सांगितलं, आज माझा पहिला दिवस. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सात महिने वाया घालवलेल्या माणसासाठी वाजलेल्या त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात.

आता तुमच्याबद्दल. त्यांच्या आजारात तुम्हीही एकट्या पडला असाल. माहेरी सांगता येत नाही, शेजारी लपवावं लागतं. घरच्यांसाठी अल-अनॉन म्हणून वेगळे गट असतात, बिलच्या पत्नी लोइस यांनी १९५१ मध्ये ते सुरू केले. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये काढलेल्या मुक्तांगणातही पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. माझी बायको जायला लागली तेव्हा तिची झोप सुधारली, माझे खिसे तपासणं तिनं बंद केलं. ते गेले नाहीत तरी तुम्ही जा.

दोन गोष्टी मात्र कळकळीनं सांगतो. जेवणात न सांगता दारू सोडवायची गोळी मिसळायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. त्या गोळीवर माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. आणि मीटिंगमधल्या कुणी डॉक्टरांच्या गोळ्या बंद कर म्हटलं, तर तेही ऐकायचं नाही. औषधाचं डॉक्टरांनाच विचारायचं.

पहिला गट त्यांना रुचला नाही तर दुसरा बघा, प्रत्येक गटाचा स्वभाव वेगळा असतो. ‘ओपन मीटिंग’ असेल त्या दिवशी तुम्हालाही आत बसता येतं. ते घरी येतील त्याच संध्याकाळी जवळ कुठं मीटिंग आहे ते आत्ताच विचारून ठेवा. पाहुणे भेटायला येतो म्हणाले तर दुसऱ्या दिवशी बोलवा.