काम वेगळं म्हणून हजेरी कमी?

प्रश्न : नमस्कार ताई, परवा जेवताना घरात मोठा वाद झाला. भाऊ आयटीत आहे, तो म्हणतो बायकांना पगार कमी मिळतो हे सगळं खोटं, आमच्याकडं एका ग्रेडला सगळ्यांना सेम पॅकेज, बायका सुट्ट्या जास्त टाकतात म्हणून मागं पडतात. मी गावी शेती बघते, मला ते पटलं नाही पण उत्तरही सुचलं नाही. खरं काय आहे?
– एक वाचक, परभणी

उत्तर : भाऊ अर्धं बरोबर बोलतोय, म्हणूनच तुम्हाला उत्तर सुचलं नसणार. नोकरीला नुकतेच लागलेले मुलगा-मुलगी घेतले तर फरक बऱ्याचदा थोडाच असतो. क्लॉडिया गोल्डिन, ज्यांना 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी अमेरिकेतले आकडे तपासून दाखवलंय की हा फरक मोठा होतो तो पहिलं मूल झाल्यावर. सुट्ट्यांचं म्हणतो ना, मग पोराला ताप आला की घरात रजा कोण टाकतं ते त्यालाच विचारा.

पण खरं सांगू, आयटीपेक्षा तुमच्या शिवारातच हे जास्त स्पष्ट दिसतं. कापूस वेचायला किलोवर पैसे असतात, तिथं काट्यावर बाईचा किलो आणि गड्याचा किलो सारखाच. पण काम रोजानं असलं की खुरपणीला बाया, फवारणीला गडी आणि गड्याची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, जास्त, दिवसभर उन्हात वाकून खुरपं चालवणं हे हलकं काम असं कुणी ठरवलं हो? ऊसतोडीत तर नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो नवऱ्याच्या हातात, तिची मजुरी किती हे वेगळं कुठं लिहिलेलंच नसतं, मग फरक मोजायचा कशातून?

शहरातही हेच. मुंबईत मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डिकॉस्टा स्टेनो, म्हणजे लघुलेखक, होत्या, पुरुष स्टेनोंना पगार जास्त होता आणि कंपनीचं म्हणणं काय, तर लेडी स्टेनोचं काम वेगळं. 1976 चा समान वेतन कायदा असूनही प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. 1987 मध्ये कोर्टानं सांगितलं की काम सारखंच आहे, आणि कंपनीला परवडत नाही हे कारणसुद्धा चालणार नाही.

तेव्हा भावाला एवढंच विचारा की त्याच्या दोन ग्रेड वर बायका किती आहेत. आणि यंदा सोयाबीनच्या खुरपणीला बाया सांगाल तेव्हा त्यांची हजेरी तुम्ही किती लावताय तेही जरा बघा.